श्वासाचा ओव्हरड्राफ्ट

पाश्चात्त्य संगीताच्या छापील कागदावर पाच रेघांच्या डोक्यावर मधूनच एक स्वल्पविराम लटकलेला असतो. अर्थ असा की, ‘बाबा रे, इथं श्वास घे.’ मी बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. फावल्या वेळात त्यांची आडवी बासरी वाजवतो. (शेजारी ‘फुंकतो’ म्हणतात.) त्यामुळे या चिन्हाबद्दल माझी तक्रारही हिशेबीच आहे.

या स्वल्पविरामाच्या नावावर तालात एक पैसा जमा नसतो. श्वासाचा वेळ आधीच्या स्वरातून कापायचा आणि पुढचा स्वर वेळेवर हजर करायचा. म्हणजे सरळसरळ ओव्हरड्राफ्ट! मग कुणाच्या खात्यातून उचल करायची, हे खूण छापणाऱ्यानं पाहायला नको?

बाखची एकट्या बासरीसाठी लिहिलेली ए मायनरमधली पार्टिटा घ्या. तिचा पहिला भाग, आलमांद, म्हणजे बारीक स्वरांची न तुटणारी रांग. पगाराच्या दिवशी आमच्या काउंटरपुढं असते तशी. बाखच्या हातची प्रत उरलेली नाही. अठराव्या शतकातली जी नक्कल उरली, तिच्यात श्वासाच्या खुणा नाहीत. माझ्या आवृत्तीच्या संपादकानं मात्र स्वल्पविराम सढळ हातानं वाटलेत, आणि तेही बहुतेक बारच्या उभ्या रेघेवर. का, तर रेघ आयती सापडते! अहो, पण बाखचं वाक्य पुष्कळदा रेघ ओलांडून पुढच्या पहिल्या स्वरावर टेकतं. रेघेवरच दम खाणं म्हणजे ‘साहेब गेले’ म्हणून थांबायचं आणि मग ‘रजेवर’ म्हणायचं. तोवर इकडं हाराची वर्गणी सुरू!

शिवाय छाती सगळ्यांची सारखी कुठं असते? बासरीत बरीच हवा बाहेरच सांडते. ओबोवाल्याचं उलट, त्याची हवा संपत नाही, शिळी झालेली आधी बाहेर टाकावी लागते. क्वांट्झनं १७५२ सालच्या आपल्या बासरीच्या ग्रंथात श्वासावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं, ते उगाच नव्हे.

माझं म्हणणं एवढंच : छापायचंच तर वाक्य कुठं संपतं ते छापा, श्वास आमच्या पेन्सिलीवर सोडा. माझ्या प्रतीत माझे तिशीतले स्वल्पविराम आहेत, चांगले लांब लांब. पंचेचाळिशीतले त्यांच्या मधे मधे घुसलेत. परवा आणखी एक घातला. घालताना जरा थबकलो. मग नीट वाक्याच्या शेवटी घातला. शिल्लक कमी झाली म्हणून नोंद चुकीच्या जागी करायची नसते.