हावेलचा भाजीवाला आणि गळ्यातली पाटी

अकोले-संगमनेर पट्ट्यात लाल बावट्याची परंपरा जुनी. त्यामुळे आमच्याकडे वाक्लाव हावेलचे नाव निघाले की दोनच सूर ऐकू येतात: तो भांडवलशाहीचा हस्तक, नाहीतर लोकशाहीचा तारणहार. दोन्ही सूर बहुधा त्याचे लेखन न वाचताच निघतात. दलित वाचकाने त्याला आपल्या अनुभवाच्या कसोटीवर वाचले पाहिजे, असे मला वाटते.

हावेल नाटककार. 1978 साली त्याने सत्ताहीनांच्या सामर्थ्यावर दीर्घ निबंध लिहिला. चेकोस्लोव्हाकियात तो टंकलिखित प्रतींतून गुपचूप फिरला. त्यात एक भाजीवाला आहे. दुकानाच्या काचेत, कांदे-गाजरांच्या मधोमध, जगभरच्या कामगारांना एकजुटीची हाक देणारी पाटी तो लावतो. तिच्यावर त्याचा विश्वास नसतो. पाटी वरून आलेली असते आणि लावली नाही तर त्रास होईल, म्हणून तो लावतो. हुकूमशाही केवळ पोलिसांवर नव्हे, तर अशा असंख्य मुकाट पाट्यांवर उभी असते, हे हावेलचे प्रतिपादन. पाटी काढणारा माणूस सत्यात जगू लागतो. पुढे 1979 ते 1983 हावेल तुरुंगात होता. 29 डिसेंबर 1989 रोजी तो राष्ट्राध्यक्ष झाला. शब्दाची किंमत त्याने मोजली होती, हे निःसंशय.

त्याच 1978 साली आपल्या जिल्ह्यातल्या धामणगावच्या दया पवारांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. हावेलच्या भाजीवाल्याला दुकान आहे, आणि लावलेली पाटी त्याला काढता येते. ‘बलुतं’मधल्या महाराला दुकान नाही. पाटीही त्याने लावलेली नाही. जन्मतःच ती इतरांनी त्याच्या गळ्यात अडकवली आहे. ती तो एकटा कशी काढणार? म्हणून पवारांना सत्यात जगण्यासाठी आधी स्वतःची लाज चव्हाट्यावर मांडावी लागली. हावेलच्या निबंधाच्या केंद्रस्थानी हा माणूस नाही.

त्याच्या देशात मात्र तो होता. रोमा म्हणजे तिथले गावकुसाबाहेरचे लोक. कम्युनिस्ट राजवट गेली, तरी 1999 साली उस्ती नाद लाबेम या शहरात रोमांच्या वस्तीसमोर भिंत उभारली गेली. काही आठवड्यांत ती पाडावी लागली. रोमा मुलांना मतिमंदांच्या शाळांत ढकलणे हा भेदभाव आहे, असे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2007 मध्ये ठरवले. हावेलने तोंड फिरवले नव्हते. नाझी काळात रोमांना डांबले त्या लेटी येथे 1995 साली त्याने स्मारकाचे अनावरण केले. पण राष्ट्राध्यक्षाला राजवट बदलता आली, शेजाऱ्याची नजर बदलता आली नाही.

बळ काढून घेतल्यावर साम्यवादी व्यवस्थेचे काय होईल, हा प्रश्न बाबासाहेबांनी 20 नोव्हेंबर 1956 रोजी काठमांडूत विचारला होता. 1989 ने त्याचे उत्तर दिले. पण सामाजिक लोकशाहीवाचून राजकीय लोकशाही टिकत नाही, हा त्यांचा 1949 चा इशारा प्रागलाही लागू पडतो आणि आपल्यालाही.

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला 2014 साली एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि 2017 मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या साक्षीदारांवर कोणत्या पक्षाची हुकूमशाही होती? निवडणुका होत होत्या, वृत्तपत्रे निघत होती. तरीही पाटी जागेवरच राहिली.

हावेल आपल्याला उपयोगी पडतो तो इथे. मी माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर. गळ्यातली पाटी पुरती गेली नाही; मात्र पगार, घराचे कर्ज आणि महाविद्यालयातली खुर्ची एवढे दुकान आता माझेही झाले आहे. उद्या साक्षीला उभे राहण्याची पाळी माझ्यावर आली, तर माझ्या काचेत कोणती पाटी असेल? हा प्रश्न हावेलच्या भाजीवाल्याआधी मला स्वतःला विचारला पाहिजे.