यादीबाहेर राहिलेली गाती कथा

तांगांची कविता, सोंगांचे त्स-गीत, युआनांचे नाटक, मिंग-चिंगांची कादंबरी. चिनी साहित्याचा कोणताही परिचयग्रंथ उघडावा आणि हीच यादी समोर यावी, हे आता असह्य झाले आहे. एकेका राजवटीला एकेक वाङ्मयप्रकार नेमून दिला की एवढा मोठा पसारा पाठ करायला सोपा होतो. इतिहास मात्र हातातून निसटतो. सोंग काळातल्या लू यौच्या शी-कविता आज ९,००० हून अधिक उपलब्ध आहेत, त्स-गीते जेमतेम दीडशेच्या आसपास. त्या काळचा इतका मोठा कवी आयुष्यभर मुख्यतः काय लिहीत होता, तेच यादीला ठाऊक नाही. यादीबाहेरच्यांपैकी हान काळच्या फू-रचना दरबारी शब्दवैभवाच्या पुढे फारशा जात नाहीत आणि परीक्षेसाठी घोटलेला अष्टांगी निबंध परीक्षेबरोबरच संपला. त्यांच्यासाठी मी भांडणार नाही. भांडण आहे ते गद्यात सांगायच्या आणि पद्यात गायच्या कथेसाठी.

१९०० साली तुनहुआंगच्या गुहेत बंद पडलेला हस्तलिखितांचा साठा उघडला, तेव्हा त्यात तांग काळातल्या आणि त्यानंतरच्या ‘प्येनवन’ कथा सापडल्या. आईला नरकातून सोडवायला निघालेल्या मौद्गल्यायनाची कथा त्यांतलीच: थोडे गद्य, मग पद्य, पुन्हा गद्य. कीर्तनातले निरूपण आणि पद ज्याच्या कानांवर आहे, त्याला या वळणाची लय समजावून सांगावी लागणार नाही. पुढे झुकोंगत्याओ आला. त्यात एकच गायक निरनिराळ्या स्वरांतल्या गीतमालिका गुंफत आणि मध्ये गद्य बोलत दीर्घ कथा उभी करी. इंगइंगची प्रेमकथा याच वाटेने वाढली. तांग काळात युआन चेनने ती अभिजात गद्यात लिहिली, तेव्हा नायक तिला सोडून जातो आणि वर स्वतःच्या वागण्याचे समर्थनही करतो. सोंग काळात तिच्यावर ढोलाच्या साथीने गायची गीते रचली गेली. सुमारे १२०० साली तोंग च्येयुआनने तिचा झुकोंगत्याओ केला आणि प्रेमिकांचे मीलन घडवले. त्याच्याच आधारावर वांग शिफूचे युआनकालीन नाटक उभे राहिले. नायिकेला न्याय मिळाला तो गायकाच्या हातून, आणि तो गायक होता जिन राजवटीतला. या राजवटीचे तर यादीत नावही नाही!

यावर कोणी म्हणेल, ‘प्रत्येक युगाचे आपले साहित्य’ हा विचार वांग ग्वोवेइसारख्या विद्वानाने १९१३ च्या आपल्या नाट्येतिहासात मांडला होता. खरे आहे. पण पंडितांनी हलके ठरवलेल्या नाटकाला मान मिळावा म्हणून तो मांडला होता. बंद दार उघडण्यासाठी वापरलेल्या त्याच विचाराने आज दुसऱ्यांवर दार बंद करणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. शिवाय चंग चनत्वोने १९३८ सालीच लोकसाहित्याच्या इतिहासात या प्रकारांची सलग परंपरा मांडून दाखवली, म्हणजे अज्ञानाची सबबही उरत नाही. दुसरा आक्षेप दर्जाचा: या रचना लांबण लावणाऱ्या आणि पुनरुक्तीने भरलेल्या आहेत, असे म्हणतात. ज्याने ऐकण्यासाठीचे साहित्य केवळ डोळ्यांनी वाचले, त्याला तसेच वाटणार. छेन यिनकसारख्या कठोर इतिहासकाराने दृष्टी गेल्यावर, १९५० च्या दशकात, छेन त्वानशंगच्या ‘त्सायशंगयुआन’ या थानत्स-काव्यावर, म्हणजे अशाच एका गात्या कथेवर, दीर्घ प्रबंध लिहिला आणि भारतीय व ग्रीक महाकाव्यांच्या शेजारी त्याचा विचार केला. अठराव्या शतकातल्या या कवयित्रीने विशीच्या आसपासच सोळा खंड लिहून काढले. तिची नायिका पुरुषवेषात परीक्षा जिंकून प्रधानमंत्री होते, आणि वडील व वाग्दत्त वर समोर आले तरी ओळख द्यायला नकार देते. सतराव्या खंडानंतर त्वानशंगची लेखणी थांबली. तडजोडीचा शेवट नंतर दुसऱ्या हाताने जोडला. चिंग काळ म्हणजे ‘लाल महालाचे स्वप्न’ ही कादंबरी एवढेच शिकवणाऱ्यांनी आधी हे सतरा खंड वाचावेत, आणि मग ते कोणत्या निकषावर वगळले ते लिहून सांगावे.