उशीच्या पत्रकातील विज्ञान

एका शिक्षिकेने आमच्याकडे एक रंगीत पत्रक पाठवले आहे. मानेसाठी खास म्हणून विकल्या जाणाऱ्या एका उशीबरोबर त्यांना ते मिळाले. उशीची किंमत अडीच हजार रुपये. उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत बाईंची मान धरते, म्हणून त्यांनी ती घेतली. सोबतच्या पत्रात त्या विचारतात, या पत्रकातले विज्ञान कितपत खरे आहे आणि ते वर्गात वापरता येईल का? पहिल्या प्रश्नाचे आमचे उत्तर 'थोडेफार' असे आहे आणि दुसऱ्याचे 'अवश्य'. अर्धवट खरे असलेले पत्रक वर्गात पूर्ण खोट्यापेक्षा जास्त कामाला येते.

पत्रकाच्या पहिल्याच पानावर दोन वाक्ये एकाखाली एक छापली आहेत. ही उशी मान सरळ रेषेत ठेवते, असे पहिले वाक्य म्हणते. दुसरे म्हणते, ही उशी मानेचा नैसर्गिक बाक राखते. एखाद्या विद्यार्थ्याने लगेच विचारावे, की सरळ की वाकडी? गंमत अशी की दोन्ही विधाने बरोबर असू शकतात, पण कोणत्या बाजूने पाहायचे ते सांगितले तरच. निरोगी माणूस उभा असताना त्याच्याकडे पाठीमागून पाहिले, तर कणा जवळपास सरळ दिसतो. बाजूने पाहिले, तर मानेचे सात मणके पुढच्या बाजूला फुगीर असा हलका बाक घेतात. (जिराफाच्या मानेतही सातच मणके असतात, हे येथे सांगण्याचा मोह आवरत नाही.) पत्रकातील चित्रात माणूस कुशीवर झोपला आहे आणि आपण त्याच्या पाठीकडून पाहत आहोत. म्हणजे चित्र पहिल्या विधानाचे आहे आणि त्याखालचा मजकूर दुसऱ्याचा. ही मुद्रणाची चूक नव्हे. उशीच्या आकाराचा सगळा प्रश्न याच दोन दिशांमध्ये अडकला आहे.

उताणे झोपलेल्या माणसाचे डोके आणि पाठ गादीला टेकतात, मानेखाली मात्र पोकळी राहते. ती भरायला थोडासा उंचवटा पुरतो. उशी फार उंच झाली की हनुवटी छातीकडे जाते. तोच माणूस कुशीवर वळला की मध्ये खांदा येतो आणि डोके गादीपासून बरेच वर राहते. समजा, खांद्यांची रुंदी 42 सें.मी. आणि डोक्याची रुंदी 15 सें.मी. आहे. 42 वजा 15, भागिले 2, म्हणजे साडेतेरा सें.मी. खांदा गादीत रुतल्यामुळे आणि थोडा पुढे सरकल्यामुळे यातून काही सेंटिमीटर कमी होतील. तरीही उताण्या झोपेला लागते त्यापेक्षा ही उंची बरीच जास्त आहे. आणि माणूस रात्रभर एका स्थितीत राहत नाही. अंगावर हालचाल मोजणारी उपकरणे लावून केलेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रौढ माणसे अंथरुणातला निम्म्याहून अधिक वेळ कुशीवर आणि एक तृतीयांशापेक्षा थोडा जास्त वेळ उताणी असतात, असे दिसले. तेव्हा एकाच उशीने एकाच रात्रीत दोन उंची पुरवायच्या आहेत.

बाईंनी घेतलेली उशी लाटेच्या आकाराची आहे, दोन कडांना उंचवटे आणि मध्ये खळगा. उताण्या माणसासाठी ही कल्पना चांगली आहे. उंचवटा मानेखाली जातो आणि डोके खळग्यात बसते. पण कुशीवर वळल्यावरही डोके त्याच खळग्यात राहते, आणि नेमकी तेव्हाच जास्त उंची हवी असते. काही कारागीर दोन्ही टोकांना जास्त उंच भाग ठेवून हा प्रश्न सोडवतात, त्यांचे कौतुक केले पाहिजे. या उशीत तसे काही नाही. 'प्रत्येक स्थितीत योग्य आधार' या वाक्यामागे आम्हाला तरी काही सापडले नाही.

पत्रकात उंची दिली आहे 11 सें.मी. ही दुकानातली उंची, रिकाम्या उशीची. डोके ठेवल्यावर किती उरते, ते लिहिलेले नाही, आणि मानेला तेवढ्याशीच कर्तव्य आहे. प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो असते. वर्गात हा प्रयोग सहज होईल. गोल बुडाच्या कळशीत पाणी भरून, भांड्यासह वजन साडेचार किलो करावे. कळशी उशीवर ठेवून, एकीने ती धरावी आणि दुसरीने तिच्या बुडाची जमिनीपासूनची उंची पट्टीने मोजावी. अर्ध्या तासाने पुन्हा मोजावी. घरची कापसाची उशी, पिंजून आणलेली नवी आणि चार वर्षे वापरलेली, अशा दोन्ही आणाव्यात. जुन्या कापसाच्या गाठी होतात आणि दोन गाठींच्या मधली जागा जवळजवळ रिकामी असते, ते हाताला कळते आणि पट्टीलाही. आणखी एक गोष्ट पत्रक विसरते. उशी एकटी काम करत नाही. जाड मऊ गादीत खांदा खोल रुततो, म्हणून उशी कमी उंच चालते. जमिनीवर सतरंजी टाकून झोपणाऱ्याचा खांदा मुळीच रुतत नाही, त्याला कुशीवर जास्त उंची लागते. गादी न विचारता उशीची शिफारस करणे म्हणजे पाऊल न मोजता चप्पल देण्यासारखे आहे.

आता अंतराळाकडे वळू. हा फोम 'अंतराळवीरांसाठी शोधला गेला' असे पत्रक सांगते. खरी हकिकत अशी. 1966 मध्ये चार्ल्स योस्ट यांनी अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी हा फोम तयार केला, तो विमानातील आसनांकरिता. अपघातात बसणाऱ्या धक्क्यापासून संरक्षण व्हावे, हा हेतू होता. झोप आणि मान यांचा त्यात विचार नव्हता. पॉलियुरेथेनच्या या प्रकारात स्थितिस्थापकता आणि श्यानता हे दोन्ही गुण एकत्र येतात, म्हणून दाब काढल्यावर तो सावकाश मूळ आकारात येतो. शिवाय तो गरम झाला की मऊ आणि थंड झाला की कडक होतो. डिसेंबरातल्या पहाटेची उशी आणि मे महिन्यातल्या दुपारची उशी एकसारखी नसते. पत्रकात लिहिण्याजोगी खरी माहिती ही होती, आणि ती लिहिलेली नाही.

मग अशा उशांनी मान दुखायची थांबते का? या विषयावर थोडे पण प्रामाणिक काम झाले आहे. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात मान दुखणाऱ्या 41 जणांनी तीन प्रकारच्या उशा वापरून पाहिल्या. त्यांची नेहमीची, वळकटीसारखी गोल आणि तळाशी पाण्याचा थर असलेली. पाण्याची उशी सरस ठरली. 2009 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी कुशीवर झोपणाऱ्या 106 जणांना निरनिराळ्या उशा दिल्या. रबराच्या चिकाची, म्हणजे लेटेक्सची उशी चांगली ठरली आणि पिसांची सर्वांत वाईट. आमच्या पत्रकाच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष वेगळाच आहे. लाटेच्या आकाराच्या फोमच्या उशीला साध्या चौकोनी फोमच्या उशीपेक्षा काही जास्त गुण आढळले नाहीत. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत जुने दुखणे असलेल्यांना मानेचे व्यायाम आणि खास उशी हे दोन्ही मिळून फायदा झाला, नुसत्या उशीने झाला नाही. हे अभ्यास वाचताना एक अडचण लक्षात ठेवावी. गोळी कोणती दिली, ते रुग्णापासून लपवता येते. डोक्याखाली कोणती उशी आहे, हे लपवता येत नाही. अडीच हजार रुपये मोजले आहेत, हेही तो विसरत नाही.

बाकाबद्दलही थोडे. मान दुखत नसलेल्या अनेक माणसांच्या क्ष-किरण चित्रांत हा बाक सपाट झालेला दिसतो. त्यामुळे 'बाक गेला म्हणून दुखणे आले आणि उशीने बाक परत आला म्हणून गेले' ही साखळी पत्रकात दिसते तितकी पक्की नाही.

उशी हा निरुपद्रवी विषय आहे, असे मात्र कोणी समजू नये. 2024 मध्ये जपानमधील एका संशोधनगटाने मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या मणक्यांलगतच्या रोहिणीचा थर फाटलेले 53 रुग्ण आणि तितकेच अन्य रुग्ण यांची तुलना प्रसिद्ध केली. 12 सें.मी. किंवा त्याहून उंच उशी वापरणारे पहिल्या गटात 34 टक्के होते, दुसऱ्यात 15 टक्के. हा आजार विरळा आहे आणि अशा तुलनेतून कारण सिद्ध होत नाही. संशोधकांचा संशय मान पुढे वाकण्यावर आहे, आणि उशी कडक असेल तर हा संबंध अधिक ठळक दिसला. आता वरचे साडेतेरा सेंटिमीटर आठवावेत. कुशीवर जी उंची सोयीची, तीच उताणे झोपल्यावर हनुवटी छातीला लावते. तान्ह्या बाळाबद्दल तर वादच नको. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देण्याची चाल आपल्याकडे आहे. पण पहिले वर्षभर बाळाच्या झोपण्याच्या जागी कोणतीच उशी ठेवू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे.

आम्हाला सर्वांत आक्षेपार्ह वाटली ती शेवटच्या पानावरची यादी. मानदुखी, डोकेदुखी, घोरणे, हाताला मुंग्या येणे, या सर्वांवर ही उशी उपयोगी, असे तेथे म्हटले आहे. बाईंच्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती. उजव्या हाताची दोन बोटे महिनाभर बधिर वाटतात, पण नवी उशी तीन महिने वापरून पाहायचे ठरवले आहे. मुंग्या आणि बधिरपणा हे मज्जातंतूवर दाब आल्याचे लक्षण असू शकते. ते उशीच्या दुकानदाराने पाहायचे काम नव्हे. आम्ही त्यांना उलट टपाली कळवले, की आधी डॉक्टरांना हात दाखवा, लेखाचे मग पाहू. त्या गेल्या, तपासणी झाली, आणि आता व्यायाम चालू आहेत. उत्तरपत्रिका तपासताना त्या पाटावर पाट ठेवून कागद उंच करतात. उशी त्यांचे दीर वापरतात. ते गडी रुंद खांद्याचे असून, नेमके उताणे झोपतात.

कळशीचा प्रयोग ज्या शाळा करतील, त्यांनी आपली मोजमापे आमच्याकडे पाठवावीत. उशीत काय भरले आहे, ती किती वर्षांची आहे आणि मोजताना खोलीचे तापमान किती होते, हे लिहायला विसरू नये.