कुलवृत्तांतातील मूळ पुरुष

कोकणातून बाहेर पडलेल्या अनेक घराण्यांनी विसाव्या शतकात आपापले कुलवृत्तांत छापले. गोखले, आपटे, लिमये अशा कुलांचे जाडजूड ग्रंथ जुन्या ग्रंथालयांत आढळतात. प्रारंभी गोत्र आणि कुलदैवत, मग मूळ पुरुषाची हकिकत, आणि त्यानंतर गावोगावच्या शाखांच्या वंशावळी अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. संपादकांनी पदरमोड करून, घरोघरी पत्रे पाठवून ही माहिती जमवली. त्या कष्टांविषयी आम्हाला आदरच आहे. परंतु पुरावा म्हणून या ग्रंथांची सर्व पाने सारख्या मोलाची नाहीत. वर्गात वंशावळीचा उपक्रम घेणाऱ्या शिक्षकांनी हा फरक ओळखणे अगत्याचे आहे.

प्रथम उत्पत्तिकथा पाहू. चित्पावनांविषयीच्या एका प्रचलित कथेत परशुराम समुद्रातून वाहत आलेल्या चौदा प्रेतांना चितेवर शुद्ध करून जिवंत करतो. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्रायली समाजाची परंपरा आहे. दोन्हीकडे समुद्र आहे, दोन्हीकडे चौदा हा आकडा आहे. तेव्हा दोन्ही समाज एकाच मुळाचे असावेत, असा तर्क काहींनी लढवला. कथा जुळतात म्हणून रक्त जुळते असे मात्र होत नाही. चित्पावनांची गोत्रे चौदा आहेत. कथेतला आकडा त्यांवरूनच आला असण्याचा संभव अधिक. बेने इस्रायलींच्या जनुकांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा वाटा आढळला. म्हणजे बाहेरून लोक आले या आठवणीला आधार मिळाला. फुटलेल्या गलबताला किंवा चौदा या आकड्याला मिळाला नाही. कथेतला कोणता भाग तपासता आला आणि कोणता नाही, हे असे वेगळे सांगावे लागते.

दुसरा प्रश्न मधल्या पिढ्यांचा. समजा, एखाद्या वंशावळीत मूळ पुरुष सहाशे वर्षांपूर्वी गुहागरला आला असे म्हटले आहे आणि आजपर्यंत बाराच पिढ्या दाखवल्या आहेत. दर पिढीला पन्नास वर्षे झाली! पुरुषांच्या पिढीला साधारण तीस वर्षे धरली तर वीस नावे हवीत. उरलेली आठ कोठे गेली? आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आहे. महादेव, विसाजी, महादेव, विसाजी अशी मालिका नकलताना डोळा एका महादेवावरून दुसऱ्यावर गेला की दोन पिढ्या सहज गळतात. कालगणनेचीही गफलत होते. शके १६२० म्हणजे इसवी सन १६९८. शक हाच सन समजला तर घराणे ७८ वर्षांनी जुने होते. असे हिशेब सातवी-आठवीची मुलेही करू शकतील.

तिसरा मुद्दा जीवशास्त्राचा. प्रत्येकाला दोन आईबाप, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा. दहा पिढ्या मागे गेलो तर ही संख्या १०२४ होते. नात्यातल्या लग्नांमुळे काही व्यक्ती पुन्हा पुन्हा येतील, हे खरे. तरीही आडनावाची वंशावळ या १०२४ जागांपैकी एकाच जागेवरच्या पुरुषाला पूर्वज म्हणते. शिवाय मध्ये दत्तक असेल तर कागदावरची रेषा अखंड राहते, रक्ताची तुटते. हल्ली वाय गुणसूत्राच्या चाचणीचा हवाला दिला जातो. हे गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, त्यामुळे दोन शाखांचा पुरुषपूर्वज एक होता की नाही, याविषयी ती काही सांगू शकते. त्याचे नाव आणि गाव सांगू शकत नाही.

आमचा सर्वांत मोठा आक्षेप वेगळाच आहे. मराठीत कुळ म्हणजे घराणे आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. रत्नागिरी जिल्ह्यात खोतीच्या गावांत हे दोघे शेजारी राहिले. खोत सारा गोळा करी, कूळ अर्धेलीने किंवा तिर्धेलीने पीक देई. १८८० च्या खोती कायद्याने ही व्यवस्था बांधून दिली, १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी ती रद्द करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले, आणि १९४९ च्या कायद्याने ती संपवली. सनदा आणि निवाडे साहजिकच खोताच्या घरी राहिले. त्यांतून त्याचा कुलवृत्तांत उभा राहिला. त्याच मळ्यात तितक्याच पिढ्या राबलेल्या कुळाचा वृत्तांत कोणी छापला नाही. खोताच्या वंशावळीतही वरच्या पिढ्यांतल्या बायकांची माहेरे बहुधा नोंदलेली नसतात. कागद नसणे म्हणजे पूर्वज नसणे नव्हे, हे कुलवृत्तांत सांगत नाही. शिक्षकाने ते सांगितले पाहिजे.

म्हणून वर्गात 'आपली वंशावळ काढा' असे सांगताना मूळ पुरुषापासून सुरुवात करू नये. मुलांनी आजीपासून वर जावे, आईकडची बाजूही लिहावी, आणि प्रत्येक नावापुढे ते कशावरून कळले याची खूण करावी: कागदावरून, आठवणीवरून की ऐकीव गोष्टीवरून. जिथे नाव कळत नाही तिथे जागा रिकामी ठेवावी. मग छापील कुलवृत्तांत असलेल्या घरातला मुलगा आणि तीन पिढ्यांपलीकडे नाव ठाऊक नसलेली मुलगी, दोघांचे तक्ते शेजारी लावता येतील. एकाचा तक्ता लांब असेल, दुसरीचा आखूड. पण तपासायची पद्धत दोघांना एकच राहील.