बाकावर चढण्याआधीचं वाक्य

‘डेड पोएट्स सोसायटी’ न पाहिलेल्यांनाही त्याचा शेवट माहीत असतो. वर्गातली मुलं एकेक करून बाकावर उभी राहतात, नोकरीवरून काढलेल्या सरांना मानवंदना देतात आणि बघणाऱ्याच्या घशात आवंढा येतो. या दृश्याची रील्स करताना त्याआधीची काही सेकंदं बहुतेक वेळा कापली जातात. मला तर हा सगळा सिनेमा त्या कापलेल्या सेकंदांतच दिसतो.

पीटर वीअरचा हा सिनेमा १९८९चा. गोष्ट १९५९ची, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या वेल्टन नावाच्या काल्पनिक निवासी शाळेतली. परंपरा, सन्मान, शिस्त, उत्कृष्टता ही शाळेची चार ब्रीदं. (‘मोहब्बतें’मधल्या अमिताभचे तीन शब्द आठवले ना? बरोबर आठवले.) तिथे जॉन कीटिंग, म्हणजे रॉबिन विल्यम्स, इंग्रजी शिकवायला येतो. कवितेची थोरवी आलेखावर मोजणारी प्रस्तावना तो मुलांना पुस्तकातून फाडायला लावतो. सिनेमातलं हे सगळ्यात गाजलेलं प्रतीक: फाडलेली पानं म्हणजे मुक्ती. पण नीट बघा, मुलं पानं फाडतात ती सरांनी सांगितलं म्हणून. आज्ञा नवी असली तरी आज्ञाच.

आणि कविता? कवितेवरच्या या सिनेमात कविता येते ती बहुतेक तुकड्यातुकड्यांनी. हेरिकचं एक कडवं, फ्रॉस्टच्या तीन ओळी, गुहेतल्या बैठकीत थोरोचा छोटा उतारा. ‘ओ कॅप्टन! माय कॅप्टन!’ हे शीर्षक तर मुलं सरांना हाक मारायला वापरतात. मूळ कविता व्हिटमननं लिंकनच्या हत्येनंतर लिहिलेली. तिच्यातला कप्तान मेलेला आहे, हे वर्गात कुणी बोलत नाही. चार्ली दुसऱ्यांच्या ओळी स्वतःच्या म्हणून मुलींना ऐकवतो. नॉक्सला कविता हवी ती क्रिसला पटवायला. पार्टीत ती झोपलेली असताना तो तिच्या कपाळावर ओठ टेकवतो आणि सिनेमाला हे धाडस वाटतं. आज ते बघवत नाही.

म्हणजे सगळ्यांकडे शब्द आहेत, पण उसने. इथे टॉड आणि नील या दोन रूममेट्सची गोष्ट महत्त्वाची होते.

टॉडला बोलताच येत नाही. कविता लिहून आणायची होती, त्यानं लिहिलेली फाडून टाकली आहे आणि वर्गात सांगतो की लिहिलीच नाही. कीटिंग त्याला पुढे बोलावतो, भिंतीवरच्या व्हिटमनच्या फोटोकडे बघायला लावतो, मग त्याचे डोळे झाकून गरागरा फिरवतो. कॅमेराही त्यांच्याभोवती फिरू लागतो. आणि टॉडच्या तोंडून एक कविता येते: सत्य म्हणजे एक तोकडं पांघरूण, कितीही ओढलं तरी पाय गारठलेलेच. अख्ख्या सिनेमात कविता जन्मताना दिसते ती इथेच. वर्ग आधी हसत असतो, मग गप्प होतो.

नीलचं उलटं. तो हुशार, लाडका, बोलका. पण त्याला जे सापडतं ते नाटक, म्हणजे पुन्हा दुसऱ्याचे शब्द. वडिलांना त्याला डॉक्टर करायचं आहे. कीटिंग विचारतो, हे मला सांगितलंस ते वडिलांना कधी सांगितलंस का? नील म्हणतो, त्यांच्याशी असं बोलताच येत नाही. मग त्यांच्यासमोरही तू अभिनयच करतो आहेस, कीटिंग म्हणतो, आज्ञाधारक मुलाचा. सिनेमातलं हे सगळ्यात नेमकं निदान. पण निदानाच्या पुढे काही घडत नाही. नील खोटंच सांगतो की बोलणं झालं.

‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये तो पक होतो. शेवटी पक प्रेक्षकांची माफी मागतो, आणि प्रेक्षागृहात मागे वडील उभे असतात. शेक्सपिअरच्या शब्दांत नीलला ते जमतं. त्याच रात्री घरी वडील चिडून विचारतात, तुला वाटतं तरी काय, बोल. नील तोंड उघडतो आणि म्हणतो, काही नाही. त्याच्या आत्महत्येपेक्षाही मला हे ‘काही नाही’ जास्त छळतं. दोष वडिलांच्या हट्टाचा आहेच. पण ज्या मास्तरानं टॉडला एका तासात बोलतं केलं, त्याला नीलच्या बोलकेपणामागचा मुकेपणा पुरता ऐकू आला नाही. सिनेमा कीटिंगवर इतका भाळलेला आहे की या प्रश्नाशी तो थांबत नाही. शाळेनं सगळा दोष त्याच्यावर ढकलला की आपणही चटकन त्याच्या बाजूचे होतो.

आता तो शेवट. मुख्याध्यापक नोलन वर्ग घेतायत. प्रस्तावनेपासून वाचा म्हणतात. ती तर फाडलेली, म्हणून स्वतःचं पुस्तक कॅमेरॉनपुढे धरतात. कीटिंग आपलं सामान घ्यायला आलेला आहे. तो दाराशी पोचतो आणि टॉड उठतो. बाकावर चढण्याआधी, व्हिटमनची हाक देण्याआधी, तो घाईघाईनं, रडवेल्या आवाजात सांगून टाकतो की त्या कागदावर सगळ्यांना जबरदस्तीनं सही करायला लावली. त्यात ना प्रतिमा ना लय. नोलन ओरडत असतात. कीटिंग म्हणतो, माझा विश्वास आहे, टॉड.