कोमट पाण्याची आग

भिवापुरात मिरचीचा हंगाम सुरू झाला की गावाच्या हवेतच ठसका असतो. सातऱ्यावर बायका ओळीने बसून वाळलेल्या मिरचीचे देठ खुडतात. माझी मायही बसायची. संध्याकाळी ती घरी आली की हात धुवायला मी कोमट पाणी द्यायचो आणि ती चटका बसल्यासारखी हात मागे घ्यायची. त्याच पाण्यात मी हात घातला तर मला काहीच वाटायचं नाही. ती म्हणायची, "पानी नाई तापलं रे, हात तापले." मला वाटायचं, माय थोडं वाढवून सांगते.

पुढे मी समीक्षा लिहू लागलो आणि हाच समज छापूनही आणला. एका नव्या कवयित्रीच्या संग्रहात वेगळ्या ठेवलेल्या पेल्यावरची कविता होती. पाहुणी म्हणून गेलेल्या घरी तिला त्या पेल्यातून पाणी दिलं गेलं. कविता तेवढ्यावर पेटली होती. 'प्रसंग लहान, आक्रोश मोठा' असा शेरा मी मारला. तो शेरा आज मला मागे घ्यायचा आहे, आणि त्याचं कारण मला शरीरशास्त्रात सापडलं.

१९९७ साली अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मिरचीतल्या कॅप्सेसिनला प्रतिसाद देणारं प्रथिन शोधलं. आज त्याला टीआरपीव्ही-१ म्हणतात. २०२१ साली ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना तापमान व स्पर्शाच्या संवेदकांच्या शोधासाठी नोबेल मिळालं. टीआरपीव्ही-१ ही चेतापेशीच्या आवरणातली आयनवाहिनी, म्हणजे एक दार. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर ते उघडतं, कॅल्शियम आणि सोडियमचे आयन आत शिरतात आणि 'भाजतंय' हा निरोप निघतो. कॅप्सेसिन हेच दार तापमानाशिवाय उघडतं. म्हणूनच मिरचीने आपली 'आग' होते. आपल्या बोलीने ही उपमा म्हणून वापरली असेल, पण चेतापेशीच्या लेखी दोन्ही निरोप एकच आहेत.

खरी गोष्ट पुढे आहे. हे दार नेहमी त्याच तापमानाला उघडत नाही. कॅप्सेसिन लागलेलं असलं, किंवा जखम-दाह होऊन ब्रॅडिकायनिन, प्रोस्टाग्लँडिन यांसारखी रसायनं तिथे साचली, की त्याचा उंबरठा खाली येतो. मग एरवी सुखद वाटणारी ऊबही पोळते. सोडियमच्या वाहिन्यांतही असे बदल होतात आणि लहानशा उद्दीपनाने चेतातंतू पेटून उठतो. मुळात दुखणारी गोष्ट जास्त दुखते तेव्हा वैद्यक तिला हायपरअल्जेसिया म्हणतं. न दुखणारी गोष्ट दुखू लागते तेव्हा अ‍ॅलोडिनिया. माय हे सगळं एका वाक्यात सांगत होती. पाणी खरंच तापलेलं नव्हतं. हात तापले होते.

आता आपल्या समीक्षेकडे पाहू. दलित साहित्याच्या चर्चेत 'वेदना, विद्रोह, नकार' ही त्रयी रुळली आहे. त्यातला विद्रोह आपण वाद घालून तपासला, नकाराची परंपरा शोधली. वेदनेची मात्र बहुधा मोजणीच केली. संयम, प्रमाण, अलिप्तता ही आपली मापं. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' या ग्रंथात जुन्या मापांना हरकत घेतली, तरी 'आक्रस्ताळं' हा शब्द आपल्या परीक्षणांतून गेला नाही. या शब्दामागचं गृहीतक असं की अमुक प्रसंगाला अमुक इतकी वेदना रास्त. म्हणजे आपण पाण्याचं तापमान मोजतो आणि हाताला खोटं ठरवतो. २०२० साली वेदनेची आंतरराष्ट्रीय व्याख्या सुधारली गेली, तेव्हा तिच्या टिपांत म्हटलं गेलं की माणूस वेदना सांगतो त्याचा आदर राखला पाहिजे. दवाखान्याने जे मान्य केलं ते वाङ्मयीन मासिकांना जड का जावं?

इथे दोन धोके आहेत. पहिला असा की 'त्यांची कातडीच हळवी' असा उलटा अर्थ कुणी काढील. पण हात जन्मतः तसे नव्हते. दिवसभराच्या खुडणीने ते तसे झाले. संवेदनशीलता वाढण्याला कारण असतं, आणि ते कारण हाताबाहेर, सातऱ्यावर असतं. दुसरा धोका शास्त्राच्या रूपकाला शास्त्र समजण्याचा. अपमान टीआरपीव्ही-१ मधून आत शिरत नाही. मी इथून फक्त एक प्रश्न उसना घेतो: वेदना उद्दीपनाच्या मापातच असली पाहिजे, हे कुणी ठरवलं?

दार बंद करून टाकावं, असंही नाही. टीआरपीव्ही-१ रोखणारी औषधं माणसांवर तपासली तेव्हा काहींच्या अंगात ताप चढला, काहींना घातक उष्णताही नीट कळेना. एनएव्ही १.७ ही सोडियमवाहिनी जन्मतः निकामी असलेल्यांना वेदनाच होत नाही. उत्तर पाकिस्तानातल्या अशा काही कुटुंबांवरचं संशोधन २००६ साली प्रसिद्ध झालं. त्या मुलांच्या अंगावर जखमांच्या खुणा होत्या, कारण जखम झाल्याचं त्यांना कळत नव्हतं. 'वेदना' हा शब्द 'विद्' धातूपासून आला, म्हणजे जाणणं. साहित्याला 'जरा कमी दुखू द्या' असं सांगणं म्हणजे कमी जाणा, असं सांगणं.

मग कवितेचं मूल्यमापन करायचंच नाही का? करायचं. शब्द शिळा आहे का, प्रतिमा उसनी आहे का, पेल्याआधीचे दिवस कवितेत कुठे जाणवतात का, हे विचारायचं. मी तो संग्रह पुन्हा वाचला. पेल्याच्या कवितेआधी अकरा कविता होत्या: शाळेतली रांग, विहीर, भाड्याची खोली. दिवसभराची खुडणी तिथे होती. मी शेवटची कविता तेवढी उचलून तिच्यात बोट बुडवलं होतं आणि पाणी कोमट असल्याचा निकाल दिला होता.

माय आता नाही. तेलाचा हात लावला की तिला थोडं बरं वाटायचं. कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतं, हे मला फार उशिरा कळलं. तिला ते आधीच ठाऊक होतं.