दहा मीटर कुठून मोजायचे?

सुट्टीत मामाकडे गेले होते. मामेभाऊ सीडीएसची तयारी करतोय. त्याच्या वहीत क्षेपणास्त्रांचे तक्ते आखलेले होते: नाव, देश, पल्ला, वेग, प्रकार, अचूकता. अमेरिकेच्या टॉमहॉकपुढे लिहिलं होतं, ‘अचूकता : १० मीटर’. मला म्हणाला, “ताई, तुझं पीएचडीचं काम नकाशांवरच आहे ना? मग सांग, दहा मीटर म्हणजे जवळजवळ शंभर टक्केच की नाही?”

मी “नाही” म्हणाले आणि जेवण गार होईपर्यंत बोलत बसले. तेच जरा नीट मांडून इथे लिहिते आहे. नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की माझा विषय शस्त्रं नाही. उपग्रहावरून तयार केलेल्या उंचीच्या नकाशांमधल्या चुका हा माझा विषय. पण टॉमहॉकच्या पोटात नेमकं तेच बसलेलं असतं, म्हणून हा आगाऊपणा.

आधी तो आकडा. ‘१० मीटर’चा अर्थ प्रत्येक क्षेपणास्त्र दहा मीटरच्या आत पडतं, असा नाही. लक्ष्यबिंदूभोवती असं एक वर्तुळ काढायचं की निम्मी क्षेपणास्त्रं त्याच्या आत पडतील. त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे हा आकडा. उरलेली निम्मी बाहेर पडणार, हे त्यात गृहीतच आहे. आणि मुख्य म्हणजे हे अंतर लक्ष्यबिंदूपासून मोजलेलं असतं. तो बिंदू कुणी आणि कशावरून ठरवला, याबद्दल आकडा काहीच बोलत नाही. माझी सगळी तक्रार इथूनच सुरू होते.

आता रचना बघू. टॉमहॉकचं काम १९७२ च्या सुमारास सुरू झालं आणि १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते अमेरिकी नौदलात दाखल झालं. त्याचा आकार ठरवला पाणबुडीच्या टॉर्पेडो नळीने. नळीचा व्यास ५३३ मिलिमीटर, म्हणून क्षेपणास्त्राचा सुमारे ५२० मिलिमीटर. लांबी बूस्टरसकट सव्वासहा मीटर. पंख आत घडी केलेले, बाहेर पडल्यावर उघडतात. सुरुवातीचा धक्का बूस्टर देतो, मग छोटं टर्बोफॅन इंजिन चालू होतं. वेग ताशी ८८० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या प्रवासी विमानाएवढाच. सगळी भिस्त जमिनीलगत, रडारच्या नजरेखालून उडण्यावर.

चाळीस वर्षांत हा सांगाडा फारसा बदललेला नाही. बदललं ते नाकातलं आणि डोक्यातलं. म्हणून त्याच्या प्रकारांची यादी मी वेगळ्या तऱ्हेने वाचते. प्रत्येक प्रकार म्हणजे ‘लक्ष्य कुठे आहे हे आपल्याला कसं माहीत?’ या प्रश्नाचं एकेक उत्तर.

पहिला अण्वस्त्र वाहणारा. त्याला वाट दाखवायला जडत्वीय यंत्रणा आणि टेरकॉम एवढंच होतं. टेरकॉमची कल्पना साधी आहे. क्षेपणास्त्र स्वतःची समुद्रसपाटीपासूनची उंची हवेच्या दाबावरून आणि जडत्वीय यंत्रणेवरून काढतं, आणि खालच्या जमिनीपासूनची उंची रडारने मोजतं. दोन्हींची वजाबाकी केली की खालच्या जमिनीची उंची मिळते. अशा उंचींची माळ तयार होते: २१०, २२५, २६०, २४०... ही माळ आत साठवलेल्या नकाशातल्या प्रत्येक रांगेशी ताडून बघायची. जिथे फरक सगळ्यात कमी, तिथे आपण आहोत. घाटातून रात्री एसटीने जाताना वळणं मोजून आपण कुठवर आलो ते ओळखतो ना, तसंच.

यात मेख अशी की डोंगर हवेत. सपाट जमिनीवर सगळ्या माळा सारख्याच दिसतात. १९९१ च्या आखाती युद्धात हीच अडचण आली. इराकचं वाळवंट सपाट, म्हणून काही क्षेपणास्त्रांचे मार्ग इराणच्या डोंगरांवरून आखले गेले, असं नंतरच्या वृत्तान्तांत आलं आहे. उंचीचा नकाशा इथे नुसता मदतनीस नाही, तर मार्ग कुठून जाणार हेही तोच ठरवतो.

दुसरा प्रकार साध्या स्फोटकांचा, सुमारे ४५० किलोचा. अण्वस्त्राला थोडं इकडेतिकडे चालतं, याला नाही. म्हणून शेवटच्या टप्प्यासाठी कॅमेरा बसवला. खालचं दृश्य टिपून ते साठवलेल्या चित्राशी जुळवायचं. माझ्या क्षेत्रातल्या कुणालाही यातल्या अडचणी लगेच दिसतील: बर्फ पडलं, सावल्या लांबल्या, इमारत पडली की चित्र जुळेना. नकाशा जुना झाला की हुशार क्षेपणास्त्रही गोंधळतं.

तिसरा प्रकार जहाजविरोधी, आणि मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो. पल्ला ४६० किलोमीटरच्या आसपास. इतकं अंतर कापायला त्याला अर्धा तास लागायचा. तेवढ्यात ३० नॉट वेगाचं जहाज सुमारे २९ किलोमीटर सरकलेलं असतं. नाकात रडार होतं, शोध घेत फिरायचं, पण समोर सापडलेलं जहाज शत्रूचंच, की वाटेत आलेलं तिसऱ्याच कुणाचं, हे खात्रीने सांगता येईना. १९९० च्या दशकात नौदलाने हा प्रकार मागे घेतला. यंत्र बिघडलं म्हणून नाही. यंत्र बरोबर असूनही माहिती शिळी होत होती, म्हणून. आता ब्लॉक पाचमध्ये जहाजविरोधी काम परत आणलं आहे, पण ते वाटेत संदेश घेऊ-देऊ शकणारा दुवा हाताशी आल्यावर.

मधल्या काळात १९९३ च्या ब्लॉक तीनमध्ये जीपीएस आलं. २००४ च्या ब्लॉक चारमध्ये उपग्रहामार्फत दुतर्फा दुवा आला: घिरट्या घालता येतात, वाटेत लक्ष्य बदलता येतं. अभियांत्रिकी म्हणून हे उत्तमच आहे. पण जरा थांबून बघा. या सुधारणांचा जोर क्षेपणास्त्र आणि बिंदू यांच्यातलं अंतर कमी करण्यावर आहे. बिंदू बदलायची सोय झाली, पण बिंदू खरा आहे का, हे तपासणारा एकही भाग त्या नळीत बसत नाही.

याचं सगळ्यात बोचरं उदाहरण म्हणजे खार्टूम. ७ ऑगस्ट १९९८ ला नैरोबी आणि दार-एस-सलाम इथल्या अमेरिकी दूतावासांवर बॉम्बहल्ले झाले, शेकडो माणसं गेली. २० ऑगस्टला अमेरिकेने उत्तर म्हणून सुदानमधल्या अल-शिफा या कारखान्यावर टॉमहॉक सोडली. दावा असा की तिथे रासायनिक अस्त्राचा कच्चा माल बनतो, आणि आधार म्हणून मातीच्या नमुन्याचा हवाला. क्षेपणास्त्रांनी कारखाना बरोबर गाठला आणि उद्ध्वस्त केला. पण तिथे माणसांची आणि जनावरांची औषधं बनत होती. पुरावा किती कच्चा होता, यावर पुढे अमेरिकेतच टीका झाली. कारखान्याच्या मालकाची गोठवलेली खाती अमेरिकेने १९९९ मध्ये मोकळी केली. माझ्या भावाच्या तक्त्यात मात्र हा हल्ला ‘अचूक’ याच रकान्यात जाईल. नेम चुकला नव्हता. पत्त्याबद्दलच शंका होती.

आकडे किती निसरडे असतात, हे १९९१ मध्येही दिसलं होतं. तेव्हा २८८ टॉमहॉक सोडली गेली आणि ९८ टक्के यशाचा आकडा गाजला. ते यश नीट सुटून उड्डाणाला लागण्याचं होतं, लक्ष्यावर लागण्याचं नव्हतं. त्या युद्धातल्या अचूक शस्त्रांबद्दलचे बरेच दावे फुगवलेले किंवा पडताळता न येणारे होते, असं अमेरिकी संसदेच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने १९९७ मध्ये लिहिलं.

यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि भावाने तो घेतलाच. “पण ताई, शहरावर सरसकट बॉम्ब टाकण्यापेक्षा हे बरंच ना?” हो, बरंच. दुसऱ्या महायुद्धातली जळालेली शहरं आठवली तर दहा मीटरचा आकडा क्षुल्लक नाही. पण सरसकट बॉम्बफेक करणाऱ्याला ‘चूक झाली’ असं निदान म्हणावं तरी लागतं. अचूक यंत्र हाती असलं की चुकीचा निर्णयही नेमका दिसायला लागतो. शिवाय माणूस न गमावता, शेकडो किलोमीटरवरून मारता येतं, म्हणून निर्णय घेणंही सोपं होतं. म्हणजे पत्त्याची खात्री जास्त हवी, तर तिथेच घाई होण्याची भीती.

हे मी कुठल्या तोऱ्यात लिहीत नाहीये. गेल्या वर्षी मी माझ्या नकाशाची सरासरी चूक फक्त ४ मीटर आली म्हणून खुशीत मॅडमकडे गेले होते. त्यांनी एकच विचारलं, “संदर्भबिंदू कुठले घेतलेस?” मी ज्या माहितीवरून नकाशा दुरुस्त केला होता, तिच्यातलेच बिंदू तपासायला घेतले होते. माझा नकाशा स्वतःशीच जुळत होता! मग पावसाळ्यापूर्वी डोंगरावर जाऊन जीपीएसने नव्याने बिंदू घेतले, तेव्हा चूक दुपटीहून जास्त निघाली. माझ्या चुकीने एक प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, एवढंच. खार्टूममध्ये औषधाचा कारखाना गेला.

भावाला मी शेवटी सांगितलं, परीक्षेत विचारलं तर १० मीटरच लिही, मार्क जायला नकोत. पण वहीत एक रकाना वाढव: ‘बिंदू कुणी दिला?’ निघताना पाहिलं, त्याने रकाना खरंच आखला होता. सगळा रिकामा होता. तो मला तरी भरता येत नाही.